फक्त गाणं वाजवणारं यंत्र

ग्रामोफोनला दुसरं काही येत नसे. चावी द्या, सुई ठेवा, तो गाणार. चावी उतरली की आवाज जड होत होत थांबणार. त्याच्यावर पत्र टंकता येत नव्हतं, बँकेतली शिल्लक पाहता येत नव्हती, आणि गाणं रंगात आलं असताना मध्येच तो कुणाचा निरोप आणून देत नव्हता. आज दुकानात म्युझिक स्ट्रीमर नावाची जी पेटी मिळते, तिचंही तसंच आहे. घरातल्या वाय-फायला तिला जोडायचं, मागच्या दोन वायरी ॲम्प्लिफायरला द्यायच्या, आणि आपल्या डिस्कवरचं किंवा इंटरनेटवरचं गाणं तिने वाजवायचं. एवढंच. या दोन अडाणी यंत्रांच्या मधे काही वर्षं अशी गेली, की गाणं वाजवायचं काम घरातल्या सर्वांत शहाण्या यंत्राकडे, म्हणजे संगणकाकडे होतं. तिथून लोक पुन्हा अडाणी पेटीकडे का वळले, ती हकिगत मला आज सांगायची आहे. मी स्वतः लॅपटॉपवरून अशा पेटीवर आलो, त्यामुळे ती थोडी आमच्या घरातलीही आहे.

ग्रामोफोनपाशी फार रेंगाळायला नको. त्याच्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं आहे. १८७७ मध्ये एडिसनने आवाज नळकांड्यावर धरला, दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने तो सपाट तबकडीवर आणला, आणि १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते त्या तबकड्यांवर आजही ऐकू येतं. पुष्कळांना तो तिचा नखरा वाटतो. पण त्यामागे कामाची गोष्ट होती. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. कुठल्या तबकडीवर कुणाचा आवाज आहे हे तिथल्या कामगारांना कळावं, म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव सांगायचं. हे नाव सांगणं ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

तबकडीच्या एका बाजूवर मावत जेमतेम तीन मिनिटं. तासभर चालणारा ख्याल त्यात कसा बसवायचा, हा त्या काळच्या प्रत्येक गवयापुढचा पेच होता. काहींनी घाई केली, काहींनी चक्क तबकडीकडे पाठ फिरवली. मी मिरजेचा, आणि मिरजेच्या माणसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचं नाव घ्यायला निमित्त लागत नाही. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांची कबर आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात गायक-वादक तिथे हजेरी लावतात. खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना कुठे घाई जाणवत नाही. तीन मिनिटं पुष्कळ झाली, असंच त्यांचा आवाज सांगत असतो. गदगमध्ये एका दुकानात वाजणारी त्यांची झिंझोटीतली ठुमरी एका शाळकरी मुलाने ऐकली, आणि १९३३ मध्ये तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्या दुकानातल्या ग्रामोफोनवर गाण्याशेजारी दुसरं काही लुकलुकत असतं, तर काय झालं असतं कोण जाणे.

आमच्या घरी ग्रामोफोन नव्हता. रेडिओ होता. पुढे मामूंनी कुवेतहून टू-इन-वन आणला, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात. कॅसेट हा फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये काढलेला प्रकार. आपल्याकडे घराघरांत पोचायला तिला पंधरावीस वर्षं लागली. तबकडी फक्त ऐकता येते, कॅसेटवर मात्र ऐकणाऱ्यालाही मुद्रण करता येऊ लागलं. अब्बांनी तेच केलं. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला, की ते दोन कळांवर दोन बोटं ठेवून बसत आणि आम्हां भावंडांना खोकायचीही बंदी असे. उरुसातल्या मैफलींनाही ते तो डबा खांद्यावरच्या पिशवीतून नेत. त्या कॅसेटींत गाण्याबरोबर कपबश्यांचा आवाज आहे, मागे रडणारं मूल आहे, आणि दाद देताना आवाज चढवणारे आमचे शेजारीही आहेत. अशा एकशे अठरा कॅसेटी अब्बांच्या मागे राहिल्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या बारीक उर्दू अक्षरात नाव, राग, तारीख. निदान बहुतेकींवर.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली. ती दिसायला तबकडीसारखी असली तरी जात वेगळी. तबकडीवरची खाच म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र. सीडीवर चित्र नाही, आकडे आहेत. एका सेकंदात ४४,१०० वेळा लाटेची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजणी सोळा बिटांत लिहून ठेवायची. डावा आणि उजवा असे दोन आवाज, म्हणून सगळं दुप्पट. गुणाकार केला तर सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिटं होतात. मी बी. ए. ला मराठी घेतलेला माणूस, पण हा गुणाकार मी कागदावर करून पाहिला आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. गाणं एकदा आकड्यांत गेलं, की ते संगणकात जाणार हे ठरलंच. आकडे वाचणं हाच तर त्याचा धंदा.

अडचण होती ती आकारमानाची. एका मिनिटाच्या गाण्याला दहा मेगाबाइट जागा लागे, आणि १९९० च्या सुमारास घरगुती संगणकाची अख्खी डिस्क एका सीडीनेही भरून गेली असती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्त्स ब्रँडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी आकडे कमी करण्याच्या मागे होते. त्यांनी कानाचा एक दुबळेपणा हेरला होता. मोठा आवाज चालू असताना त्याच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही; मग तो लिहायचा कशाला? ही रीत पारखायला ब्रँडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे साथीशिवाय गायलेलं गाणं पुन्हा पुन्हा वापरलं, कारण नुसत्या माणसाच्या गळ्यातली लबाडी कान लगेच पकडतो. १९९५ मध्ये या प्रकारच्या फायलीला 'एमपीथ्री' हे नाव मिळालं. दहा मेगाबाइटचं मिनिट एका मेगाबाइटवर आलं.

यातून जे टाकलं जातं ते खरंच ऐकू येत नाही का? फार दाबलेल्या एमपीथ्रीत तानपुरा ऐकून पाहा. गायकाचा आवाज ठीक असतो, पण जवारीतून सुटणारा तो झंकार कुठेतरी पातळ, ओलसर होतो. एमपीथ्रीला तानपुरा म्हणजे मोठ्या आवाजाच्या शेजारची किरकोळ कुजबुज. आपल्या संगीतात ती कुजबुज म्हणजेच जमीन असते, हे जर्मनीत कोणी सांगितलं नसावं. पुढे २००१ मध्ये जॉश कोल्सन यांचा 'फ्लॅक' हा प्रकार आला. त्यात आकडे घडी घालून ठेवतात, टाकून देत नाहीत. घडी उघडली की मूळचे आकडे जसेच्या तसे. जागा साधारण निम्मी वाचते. मला विचाराल तर ब्रँडेनबुर्ग यांच्याइतकेच आभार या कोल्सन यांचे मानले पाहिजेत. पण ते नाव कुणाला माहीत नसतं.

१९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि दोन वर्षांत कोर्टाने ते बंद पाडलं. त्या दोन वर्षांत जगभरच्या पोरांनी संगणकाला गाण्याचं कपाट करून टाकलं. आमच्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. २००८ मध्ये मी लॅपटॉप घेतला तो कविता टंकायला, आणि वर्षभरात त्यात कवितांपेक्षा गाणी जास्त झाली. सीडी त्यात उतरवल्या. एका वायरीने टेपरेकॉर्डर जोडून अब्बांच्या कॅसेटी उतरवायला लागलो. हेडफोनच्या भोकातून एक वायर जुन्या ॲम्प्लिफायरला दिली. असं आमचं संगीतघर उभं राहिलं आणि बरीच वर्षं चाललं.

लॅपटॉपवर गाणं वाजतं म्हणजे काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच्यात शंभर कामं एकाच वेळी चालू असतात आणि त्यांतलं गाणं हे एक. प्रत्येक कामाचा आवाज विंडोजमधल्या एका कारकुनाकडे जातो. गाण्याचा आवाज, पत्र आल्याची टिंग, कुठल्यातरी जाहिरातीचा व्हिडिओ, सगळं त्याने एका मापात आणायचं आणि मिसळून पुढे पाठवायचं. सीडीचं माप सेकंदाला ४४,१०० चं, सिनेमा-व्हिडिओचं ४८,००० चं. कारकुनाचं टेबल एकाच मापाचं, म्हणून दुसऱ्या मापाचं गाणं आलं की तो मधले आकडे नव्याने बेततो. हे काम नीट केलं तर कानाला पत्ता लागत नाही. स्वस्तातल्या यंत्रात ते नीट होतंच असं नाही. त्यावर पंख्याची घरघर, आणि चार्जर लावला की स्पीकरातून बारीक गुणगुण. आमच्या घरी तानपुरा सुरू होण्याआधीच चार्जर षड्ज लावून बसलेला असे.

आणखी एक खोट फक्त आपल्या संगीताला जाणवणारी. सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन तुकडे म्हणून नोंदलेले असतात, पण गायकाने ते सलग गायलेले असतात. विलंबिताची शेवटची सम आणि द्रुताची पहिली मात्रा यांच्यात श्वासही नसतो. एमपीथ्री वाजवणारे पुष्कळ प्रोग्राम तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता घालत. पाश्चात्य पॉप गाण्यांत तिचा कुणाला त्रास नाही. आपल्याकडे मात्र तबलजी पायरी चुकून पडल्यासारखा वाटतो.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या तांत्रिक तक्रारींवर उपाय होते, आणि मी ते केलेही. मुख्य अडचण समोरचा पडदा होता. मल्हारातला बडा ख्याल लावून मी खुर्चीत बसायचो आणि दहा मिनिटांनी पाहावं तर मी कुणाच्या तरी पत्राला उत्तर देत असायचो. गाणं चालूच असे. माझं ऐकणं मात्र बंद पडलेलं असे. रेडिओच्या काळात आम्ही गाणं ऐकताना शेंगा निवडल्या, वह्यांना कव्हरं घातली. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असत. वाचणं आणि लिहिणं मात्र कानाची जागाच बळकावतं. हा माझा अनुभव, शास्त्र नव्हे.

ही अडचण काही माझ्या एकट्याची नव्हती. कॅलिफोर्नियात २००१ मध्येच शॉन ॲडम्स यांच्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने 'स्लिम्पथ्री' नावाची एक पेटी विकायला काढली होती. तिच्यात डिस्क नव्हती, पंखा नव्हता, कळफलक नव्हता. समोर हिरवट उजेडात अक्षरांच्या दोन ओळी आणि हातात एक रिमोट. गाणी दुसऱ्या खोलीतल्या संगणकात असत. तिथला एक प्रोग्राम ती वायरीवरून पेटीकडे पाठवी आणि पेटी त्यांचा आवाज करी. कल्पना साधी होती, पण तिने एक गोष्ट कायमची केली. संगणक दिवाणखान्यातून बाहेर गेला. गोदाम तिकडे, गाणं इकडे. आज लाखाची पेटी घ्या नाहीतर पाच हजारांची, आतली मांडणी हीच असते.

कंपनीने आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण तेच आहे. गाणी पाठवणारा तो प्रोग्राम पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला होता, आणि तो कुलूप न लावता सगळ्यांसाठी उघडा ठेवला गेला. वाचा, बदला, इतरांना द्या. जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात भर घातली.

२००३ मध्ये त्यांचा स्क्वीझबॉक्स आला. त्याला वायरही लागत नव्हती, तो वाय-फायवर चाले. २००५ मध्ये सोनोस कंपनीने प्रत्येक खोलीत एक पेटी आणि सगळ्यांचा मिळून एक रिमोट अशी सोय काढली. स्कॉटलंडमधली लिन ही कंपनी तबकड्या वाजवणाऱ्या अत्यंत महाग यंत्रासाठी १९७० च्या दशकापासून नावाजलेली. तिने २००७ मध्ये स्ट्रीमर काढला आणि २००९ अखेर सीडी प्लेअर बनवणंच बंद केलं. तबकडीचं यंत्र मात्र चालू ठेवलं. म्हणजे आजोबा राहिले, नातू आला, मधला मुलगा घराबाहेर. शौकिनांची मासिकं तेव्हा या नव्या पेट्यांतून पडदा दूर झाल्यासारखा आवाज येतो वगैरे लिहीत. त्यातलं निम्मं सोडून द्यावं. आकडे तेच, आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप बरी असली तर फरक थोडा असतो. लॅपटॉपची गुणगुण जाते, कारकून मधून उठतो, विलंबिताला द्रुत चिकटून येतं. एवढा फायदा मात्र नक्की, आणि तो थोडा नाही.

आता ते नाव सांगणं. सीडीवर गाणी असतात, पण साधारणपणे गाण्यांची नावं नसतात; मूळ आराखड्यात तशी जागाच ठेवली नव्हती. संगणकात सीडी घातली की 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' एवढंच दिसे. यावर १९९३ च्या सुमारास टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी सीडीडीबी हा उपाय काढला. एकाने आपल्या सीडीची नावं टंकायची आणि ती सगळ्यांना मिळायची. लोकांनी हौसेने, फुकट, लाखो नावं टंकली. पुढे तो साठा कंपनीच्या मालकीचा झाला, तिचं नाव ग्रेसनोट पडलं, आणि २००१ मध्ये परवाना न घेतलेल्या प्रोग्रामांना दार बंद झालं. २००८ मध्ये सोनीने ती कंपनी विकत घेतली. टंकणाऱ्यांना काय मिळालं, तर त्यांनीच टंकलेली नावं वाचायची सोय. चिडलेल्या लोकांनी फ्रीडीबी नावाचा मोकळा साठा उभा केला. तोही २०२० मध्ये बंद झाला.

शिवाय ही सगळी व्यवस्था गायक, अल्बम, गाणं या तीन खणांची. आपल्याकडे राग कुठे लिहायचा? ताल? तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण? 'संगीतकार' या खणात काय भरायचं? खाँसाहेबांचं नाव करीम, करिम, अब्दुलकरीम अशा स्पेलिंगांनी चार ठिकाणी, म्हणून पेटीच्या लेखी ते चार गवई. गौहरजानने शेवटी स्वतःच नाव सांगून टाकलं, ते किती बरं केलं!

स्वीडनमध्ये जन्मलेली स्पॉटिफाय सेवा २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये भारतात आली. आपल्याकडच्या गाना, सावन या सेवा तिच्या आधीपासून होत्याच. महिन्याची वर्गणी भरा, कपाटाची गरज नाही. मीही अशा एका सेवेचा वर्गणीदार झालो. ग्वाल्हेर घराण्याच्या एका जुन्या गायकाचं मुद्रण तिथे मला सापडलं, मी ते रोज सकाळी ऐकत असे, आणि एके दिवशी ते तिथे नव्हतं. विचारलं तर हक्काचा करार संपला असेल असं मोघम उत्तर. घरातली तबकडी फुटू शकते, चोरीला जाऊ शकते. पण ती कपाटात असते किंवा नसते. तिचा करार संपत नाही.

आपल्याकडच्या एका पेटीचा मान या इतिहासात ठेवायला हवा. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने २००० मध्ये सारेगामा हे नाव घेतलं, आणि याच सारेगामाने २०१७ मध्ये कारवाँ आणला. जुन्या रेडिओच्या आकाराची पेटी, तिच्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली, इंटरनेट नको, समोर फिरवायचं एक बटण. शौकिनांनी नाकं मुरडली. पण माझ्या सासूबाईंना मोबाईलवर गाणं लावता येत नव्हतं, आणि कारवाँ त्यांनी पहिल्याच संध्याकाळी कुणाला न विचारता लावला. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी तो वाजतच राहील, कारण त्याचं सर्व्हरवाचून काही अडत नाही.

सर्व्हर बंद पडणं ही काल्पनिक भीती नव्हे. स्लिम डिव्हायसेस २००६ मध्ये लॉजिटेक कंपनीने घेतली, आणि २०१२ मध्ये लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स बनवणं थांबवलं. २०२० च्या जानेवारीत सोनोसने जाहीर केलं, की आमच्या जुन्या पेट्यांना मे महिन्यापासून नवी सुधारणा मिळणार नाही. गिऱ्हाइकं इतकी भडकली की कंपनीला जुन्यांसाठी वेगळी सोय ठेवावी लागली. गुगलची क्रोमकास्ट ऑडिओ ही २०१५ ची छोटीशी स्वस्त चकती फार लोकप्रिय होती. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. मग २०२५ च्या मार्चमध्ये एके दिवशी जगभरच्या त्या चकत्या मुक्या झाल्या. तार तुटली नव्हती, चिप जळली नव्हती. आत ओळख पटवणारं एक डिजिटल प्रमाणपत्र होतं, त्याची मुदत संपली होती. गुगलने दुरुस्ती पाठवली तेव्हा त्या पुन्हा बोलू लागल्या. ग्रामोफोनच्या स्प्रिंगची मुदत संपली तर ती बदलून देणारा माणूस मिरजेत होता. या मुदतीची किल्ली मात्र विकत घेणाऱ्याच्या हातात कधीच नव्हती.

स्क्वीझबॉक्सवाल्यांचं काय झालं, ते म्हणूनच सांगण्यासारखं आहे. लॉजिटेकने त्यांच्यासाठी ठेवलेली इंटरनेट सेवा २०२४ मध्ये बंद केली. पण गाणी पाठवणारा तो प्रोग्राम कुलूप न लावलेला होता. हौशी मंडळींनी तो चालता ठेवला, लिरिअन म्युझिक सर्व्हर असं त्याचं नवं नाव ठेवलं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या पेट्या त्यावर अजून गातात. कंपनी गेली, पेटी राहिली.

माझी पेटीही त्याच घराण्यातली. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक निघाला, किंमत ३५ डॉलर. मुलांनी संगणकविद्या शिकावी हा त्याचा हेतू. पण शौकिनांनी त्यावर आवाजाची एक पट्टी बसवून त्याचे स्ट्रीमर बनवले. पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याने पाच वर्षांपूर्वी मला असा एक बनवून दिला, एका पत्र्याच्या डबीत. पंखा नाही, पडदा नाही. शेजारी डिस्क. लॅपटॉप कवितांसाठी आतल्या खोलीत गेला. पहिले काही दिवस मला गाणं चालू असताना हातांचं काय करावं ते कळेना. मग सवय झाली. एक मेख मात्र पेट्या विकणारे सांगत नाहीत. गाणं निवडायला मोबाईल लागतो, आणि मोबाईल हातात आला की लॅपटॉपचं सगळं पुन्हा सुरू. मी राग निवडतो आणि मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून येतो. घरचे हसतात.

अब्बांच्या कॅसेटींपैकी एकोणनव्वद आता त्या डिस्कवर आहेत. कुठल्याही वर्गणीत त्या मिळणार नाहीत; जगात त्यांची दुसरी प्रत नव्हती, म्हणून एक डिस्क रत्नागिरीला बहिणीकडे ठेवली आहे. संध्याकाळी माझी मुलगी पुठ्ठ्यावरचं उर्दू माझ्याकडून वाचून घेते आणि नावं टंकते. राग आणि ताल तिने 'शेरा' नावाच्या खणात बसवले. काही कॅसेटींच्या शेवटी, लोक उठल्याचा, सतरंज्या आवरल्याचा आवाज येतो आणि त्यात अब्बा अगदी हळू, माईकजवळ तोंड नेऊन, गायकाचं नाव आणि तारीख सांगतात.

सात कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही आणि त्यांच्या शेवटी अब्बाही बोलत नाहीत. त्यांपैकी एकीत कुणीतरी फार सुंदर पूरिया गायला आहे. मिरजेतल्या जुन्या कानसेनांना मी तो ऐकवून पाहिला. तिघांनी तीन नावं घेतली. गेल्या महिन्यात सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांना घरी आणलं. तानपुरे बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी डोळे मिटून सगळा पूरिया ऐकला आणि म्हणाले, "गवई कोण ते नाही सांगता येत. पण तानपुऱ्याची जवारी आमच्या वडलांनी लावलेली आहे." मुलीने गायकाच्या खणात प्रश्नचिन्ह टाकलं, आणि 'शेरा' या खणात चाचांच्या वडलांचं नाव लिहिलं.